वर्गणी निघाली की मामा गॅरेजमध्ये

उत्तर अमेरिकेत आमच्या मामांइतकी वर्गणी आजवर कुणी मागितली नसेल, आणि मागायची नाही असं ठरल्यावर त्यांच्याइतकं न मागणंही कुणाला जमलं नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात तीसेक वर्षं राहिलेले निवृत्त इंजिनिअर. मी पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीवर तिथे पोचलो, तेव्हा विमानतळावर न्यायला तेच आले होते. गाडी हायवेला लागायच्या आत त्यांनी माझ्याकडून गणपतीची वर्गणी काढली. पहिला पगार अजून व्हायचाय, हे मी सांगून पाहिलं. "म्हणून तर अकराच घेतोय, जावईबापू," असं म्हणत त्यांनी सिग्नलला पावती फाडली. कुणाच्याही घरी ते वर्गणीचा विषय स्वतः काढत नसत. आईचं पथ्यपाणी, मुलाचं कॉलेज, गळका नळ अशी चौकशी करत ते इतका वेळ बसत, की शेवटी यजमानच चेकबुक आणायला उठे.

असा हा माणूस नगरपालिकेच्या निवडणुकीत उभा राहिला आणि सगळ्यांना थक्क करत निवडून आला. आमच्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी शाल आणि नारळ नगरपालिकेच्या क्लार्कबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले. भेटवस्तू घ्यायची नाही असा नियम होता. नारळाचं काय करायचं असतं हे बाईंना ठाऊक नव्हतं. तो पुढे बरेच महिने त्यांच्या खिडकीत कुंडीशेजारी बसून होता.

नियमांच्या पुस्तकात आणखी एक कलम होतं. शहराकडे ज्याचं काम आहे अशा कुणाकडेही, कारण कितीही चांगलं असो, नगरसेवकाने देणगी मागू नये. दुसऱ्या कुणी यातून सोयीची वाट काढली असती. मामांनी उलट नियम आणखी आवळला. "शहराकडे काम कुणाचं नसतं? प्रत्येकाच्या दारातला बर्फ काढावाच लागतो ना?" असं म्हणून त्यांनी पावतीपुस्तक कपाटात ठेवलं आणि किल्ली मामींकडे दिली. भाचीच्या नवऱ्याने वर्गणी मागितली तर चालेल का, असं त्यांनी नगरपालिकेच्या वकिलांना लेखी विचारलं. तुमच्या नावाने मागत नसेल तर चालेल, असं उत्तर आलं. तेव्हापासून घरात वर्गणी हा शब्द निघाला, की मामा कोट उचलून गॅरेजमध्ये जाऊन उभे राहत. बाहेर उणे वीस तापमान असे. आम्ही आत घाईघाईने ठराव उरकायचो आणि मग मामी दार उघडून सांगायच्या, "झालं हो, या आत."

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण मामींची शाळा मध्ये आली. त्या आपल्या बेसमेंटमध्ये दर रविवारी चाळीस मुलांना मराठी शिकवत. मुलं "मावशी, धिस इज टू हार्ड" म्हणत जोडाक्षरं गिरवत. मामांच्या चार वर्षांच्या मुदतीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मामींचे गुडघे असे गेले, की डॉक्टरांनी जिना बंद केला. वर दिवाणखान्यात चाळीस मुलं मावेनात. बाहेर तळमजल्यावरची एखादी खोली भाड्याने घ्यायची, तर निधी हवा आणि निधी गोळा करणारा माणूस गॅरेजमध्ये. आम्ही गेलो, तर लोक चहा पाजून "यार, नेक्स्ट मंथ बघू" म्हणून वाटेला लावत.

त्याच सुमारास आमच्या भारतीय किराणा दुकानाच्या शेठजींचा पार्किंग वाढवायचा अर्ज नगरपालिकेत पडून होता. भेंडी तोलता तोलता ते म्हणाले, "मामाजी, आप बस बोलो. स्कूलका एक सालका किराया मेरा." मी आनंदाने मामांकडे पाहिलं. शेठजींनी पिशवीत वरून टाकलेला फुकटचा कढीपत्ता मामांनी काढून काउंटरवर ठेवला, भेंडीचे पैसे चुकते केले आणि बाहेर पडले. त्या अर्जाच्या चर्चेला ते सभागृहाबाहेर बसून राहिले, आणि भाजीसाठी चार वर्षं चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून सेंट पॉलला जात राहिले.

त्या संध्याकाळी मामी पहिल्यांदा रडल्या. "अहो, एक शब्द तर बोलायचाय. माझी शाळा बंद पडतेय."

"मी मागितलं तर तो नाही म्हणू शकणार नाही," मामा म्हणाले. "ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून कसं घ्यायचं?"

"मग इतकी वर्षं काय घेत होतात?"

"तेव्हा लोक मला कंटाळून द्यायचे. ते डिपार्टमेंट वेगळं."

शाळा बंद पडली. मी मामांवर मनापासून चिडलो आणि कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. ते कधी रागावले नाहीत.

मुदत संपत आली तेव्हा पुन्हा उभं राहा म्हणून पुष्कळांनी आग्रह केला. मामांनी नकार दिला. मुदत संपल्यावर एक जानेवारीला सकाळी माझ्या घरची बेल वाजली. दारात इस्त्रीचा कुर्ता, त्यावर जाड कोट, हातात पावतीपुस्तक. "जावईबापू, पुण्याला आईचं पथ्यपाणी कसं चाललंय?" मला हसू आलं. मी मुकाट्याने चेकबुक आणायला उठलो.

बर्फ वितळायच्या आत खोली मिळाली. पहिल्या रविवारी मामी काठी टेकत आल्या. चाळीसातली अकराच मुलं उरली होती. मोठी कॉलेजला गेली होती, काही जण जोडाक्षरांपाशीच थांबले होते. मामींनी मुलं मोजली आणि खडू हातात घेतला. मामा मागे, मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसले होते. मंडळाचे खजिनदार उभे राहून म्हणाले, "आता पुढच्या वर्षाच्या वर्गणीचं बघू."

मामा उठले. कोट उचलला आणि दाराकडे चालू लागले.

कुणी हसलं नाही. चार वर्षं या माणसावर आपण रागावलो होतो, याची मला फार लाज वाटली. मामींनी हातातला खडू खाली ठेवला.

"अहो, बसा," त्या हळूच म्हणाल्या. "आता चालतं."

"हो की," मामा म्हणाले आणि परत येऊन बसले. कोट मात्र त्यांनी मांडीवरच ठेवला होता.