डावखुऱ्या पिचरसमोर

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला मी बेसबॉल खेळायला लागले ते केवळ पळता येतं म्हणून. दूध तपासायच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते, तिथला एक सहकारी रविवारच्या हौशी टीमचा कॅप्टन होता. पावसातून गाडीकडे धावताना त्याने मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, रविवारी काय करतेस. मी म्हटलं, मला बॅट धरतासुद्धा येत नाही. तो म्हणाला, बॅटचं नंतर बघू, तू फक्त पळ.

पळायला मी शिकले ती खो-खोत. पुण्यात शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत तेवढा एकच खेळ मनापासून खेळले होते. शिकायला म्हणून इकडे आले, नोकरी लागली, रोटोटुनाला घर घेतलं, मुलगी झाली, आणि पायांना ट्रेडमिलपलीकडे काही काम उरलं नाही. त्यामुळे बेस चोरणं म्हणजे काय हे कॅप्टनने समजावून सांगितलं तेव्हा मी हरखलेच. पहिल्या बेसवर, म्हणजे मैदानातल्या पहिल्या चौकोनी गादीवर, पोचलेल्या खेळाडूने, पिचर म्हणजे गोलंदाज चेंडू टाकत असतानाच, कुणी तो मारायची वाट न बघता दुसऱ्या बेसकडे सुसाट सुटायचं. त्यासाठी आधीच बेस सोडून थोडं पुढे सरकून उभं राहायचं. धोका एवढाच, की पिचर बॅटरकडे टाकायच्या ऐवजी अचानक पहिल्या बेसवरच्या आपल्या साथीदाराकडे चेंडू फेकू शकतो. तो पोचायच्या आत परत येऊन बेसला हात किंवा पाय लावला नाही, तर बाद.

खो-खोत पाठलाग करणाऱ्याचे खांदे एकदा एका बाजूला वळले की त्याला उलटं फिरता येत नाही. आम्ही बचाव करताना त्याचे खांदेच वाचायचो. ती सवय इथे कामी आली. एका टीममध्ये विद्यापीठातला एक उंच पोरगा पिचर होता, त्याच्या वेगाला सगळे बॅटर टरकून असायचे. मला मात्र तो फार आवडायचा, कारण चेंडू टाकण्याआधी तो पाय इतका उंच आणि सावकाश उचलायचा की तोवर मी अर्ध्या वाटेवर असायचे. कॅप्टन म्हणायचा, वेगाचं सोड, चोरी करणाऱ्याने दोघांना घाबरावं: जो चटकन टाकतो त्याला, आणि जो थांबू शकतो त्याला. थांबणाऱ्याला काय घाबरायचं ते मला तेव्हा कळलं नाही.

ते ताईंनी दाखवून दिलं. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, टोपीखाली घट्ट अंबाडा घातलेल्या ताई दुसऱ्या टीमच्या पिचर होत्या आणि डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताच्या पिचरची पहिल्या बेसकडे पाठ असते. डावखुरा उभाच आपल्याकडे तोंड करून राहतो. त्यांचा चेंडू मुळीच वेगवान नव्हता, पण तो हातात धरून त्या नुसत्या उभ्या राहायच्या. कधी लगेच टाकायच्या, कधी इतका वेळ थांबायच्या की माझ्या पोटऱ्या ताठ व्हायच्या. मग उजवा पाय उचलायच्या, आणि तो खाली येईपर्यंत चेंडू बॅटरकडे जाणार की माझ्याकडे, हे त्यांच्या खांद्यांवरून काही केल्या कळायचं नाही. पहिल्याच सामन्यात त्यांनी मला तसं बाद केलं. मी "अरे देवा" म्हणत उठून माती झटकली, तर त्यांनी मैदानाच्या मधूनच शांतपणे विचारलं, "पुण्याची का तू?"

त्या नागपूरच्या. इथे नगरपालिकेत सिव्हिल इंजिनिअर, जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपांचं काम बघतात. त्यांची माझी ओळख अशी रविवारच्या मैदानापुरती होती. मी त्यांचा एकही बेस चोरू शकले नाही.

मार्चमधल्या सीझनच्या शेवटच्या सामन्यात मी ठरवलंच होतं. त्यांनी पाय उचलला, मला वाटलं बॅटरकडे, आणि मी निघाले. चेंडू पहिल्या बेसकडे आला. मी वळून पालथी झेप घेतली आणि उजवा तळहात बेसच्या कडेवर असा आपटला की मनगटातून आवाज आला. बाद तर झालेच. सगळ्यांत आधी पळत आल्या त्या ताई. माझा नवरा तेव्हा क्राइस्टचर्चला, हॉर्नबीतल्या एका कारखान्यात कामावर होता, एक वीकेंड सोडून घरी यायचा. मुलगी मैदानाकडेला फोल्डिंगच्या खुर्चीत बसून सगळं बघत होती. ताईंनी आम्हा दोघींना आपल्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाल्या, मी तो टाकायला नको होता. मी म्हटलं, तुमच्या जागी मी असते तर मीही टाकला असता. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलेलं नव्हतं.

प्लास्टर कोपरापर्यंत आलं. गाडी चालवता येईना, कणीक मळता येईना, मुलीची वेणी घालता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ताई उभ्या, हातात डबा. ऑफिसला जाताना वाट वाकडी करून त्या येऊ लागल्या. मुलीच्या वेण्या घालून तिला शाळेत सोडायच्या. त्यांच्या वेण्या ताठ बसायच्या. मुलगी त्यांचं मराठी ऐकून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, "टू टाइट, मावशी." त्या म्हणायच्या, "बरं बाप्पा, सैल करते," आणि करायच्या नाहीत.

एका शनिवारी त्यांनी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि भाकरी आणली. मी डाव्या हातात चमचा धरून भाकरीशी झटापट करत होते. त्या म्हणाल्या, चमचा ठेव ना, हातानं खा. मी डावा हात ताटापर्यंत नेला आणि तो तिथेच थांबला. मनगटाचा काही संबंध नव्हता. लहानपणापासून कानावर आलेलं सगळं त्या हातात येऊन बसलं होतं. ताईंनी ते पाहिलं. त्या स्वतः डाव्याच हाताने जेवत होत्या.

मग त्यांनी सांगितलं. घरी आईने कधी त्या हाताला टोकलं नाही. शाळेत मात्र बाई त्यावर पट्टी मारायच्या, म्हणून लिहायला उजवा शिकल्या. वडिलांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसल्या होत्या, आठ-नऊ वर्षांच्या. पहिला घास घेतला आणि शेजारची बाई आपलं पान उचलून उठून गेली.

"ती माझ्या डाव्या हातामुळे उठली की आडनावामुळे, ते मला आजपर्यंत समजलं नाही," ताई म्हणाल्या.

असल्या पंगतींत मीही जेवले होते, बहुधा तसल्याच एखाद्या बाईच्या बाजूला बसून. ताई सहज पुढे बोलत राहिल्या. इथे आल्यावर ऑफिसच्या पिकनिकला कुणीतरी चेंडू टाकला, तो त्यांनी डाव्या हाताने परत फेकला, आणि एक म्हातारा सहकारी ओरडलाच की अरे, ही लेफ्टी आहे. त्याने कुठून तरी उजव्या पंजात घालायचा जुना ग्लव्ह शोधून आणला. या हाताचा कुणाला आनंद झाला, असं पहिल्यांदाच घडलं होतं, म्हणाल्या. मी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. बराचसा हनुवटीवर सांडला. मुलगी खूप हसली.

हिवाळा गेला. प्लास्टर सुटलं, मनगट थोडं आखडलेलं राहिलं. नवा सीझन सुरू झाला तेव्हा मी काही आठवडे नुसती बघायला जायचे, आणि तिथे मला दिसलं की ताईंचे बेस लोक सर्रास चोरतायत. जाडजूड, कधी न पळणारी माणसंही दुसऱ्या बेसवर ऐटीत उभी राहायची. कॅप्टन म्हणाला, ती पहिल्या बेसवर फेकतच नाही आता. पाय उचलला की चेंडू बॅटरकडेच, सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यांच्याच टीममध्ये कुजबुज सुरू झाली होती की हिला आता पिचिंगला ठेवू नये. मी ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, वय झालं माझं.

आमचा त्यांच्याशी सामना आला. मी पहिल्या बेसवर पोचले आणि पुढे सरकले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, पाय उचलला, चेंडू बॅटरकडे टाकला. मी पळाले नाही. पुढच्या वेळी आणखी पुढे सरकले. त्यांनी पुन्हा बॅटरकडेच टाकला. आमचा कॅप्टन बाहेरून हातवारे करत होता, पळ, पळ. मी आणखी एक पाऊल पुढे गेले, परत येणं जवळजवळ अशक्य होतं तिथवर, आणि म्हणाले, "ताई, मी पायानं परत येईन, हात लावणार नाही. फेका."

त्या चेंडू धरून उभ्या राहिल्या. खूप वेळ. खांदे काही सांगत नव्हते. मग पाय उचलला आणि चेंडू सपकन माझ्या मागे गेला. मी पायांवर घसरत परतले, पण तो कधीच पोचला होता. बाद.

कॅप्टन माझ्यावर वैतागला, आणि त्याचं बरोबर होतं, कारण तो सामना आम्ही एका धावेने हरलो. माझ्यानंतर पहिल्या बेसवर आलेला आमचा खेळाडू, बऱ्यापैकी वेगवान, बेसला चिकटूनच उभा राहिला. सामना संपल्यावर ताई माझ्या शेजारी गवतावर येऊन बसल्या आणि बूट काढता काढता म्हणाल्या, थंडीत मनगट ठणकत असेल, तिळाचं तेल लावत जा.