तीस वर्षांच्या चोरीची फिर्याद

"लिहा! लिहून घ्या! तीस वर्षं चोरली यानं माही! दिवसाढवळ्या!"

आवाज असा, की ठाण्याच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. नागझिऱ्यातल्या वाघानंही कूस बदलली असेल, असं मी नंतर सांगत आलो आहे आणि ते अजून कुणी खोडून काढलेलं नाही. लॉकअपमधला एक दारुडा दचकून उठला आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाला, "मी नाई जी."

दारात साठीचा एक उंच माणूस उभा होता. त्याच्या उजव्या मुठीत एका किडकिडीत गृहस्थाची कॉलर होती. गृहस्थाच्या खिशात तीन पेनं होती आणि पायात एकच चप्पल.

ठाणे अंमलदार म्हणून बसलेले हवालदार सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कधी घाईत दिसले नव्हते. त्यांनी स्टेशन डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "काका, वर्षांची चोरी कोणत्या कलमात बसवू? सायकल गेली असेल तर तसं सांगा."

"सायकल कायले जाईल? सायकल बाहेर उभी हाये! माहं सेवापुस्तक गेलं!"

इतकी वर्षं झाली, पण ती दुपार मनातून गेलेली नाही. माझ्या सेवेत खून झाले, दरोडे झाले, एकदा तर चोरीला गेलेली म्हैस फिर्यादीच्या आधी ठाण्यात हजर झाली. तरी कुणी 'एखादी केस सांगा' म्हटलं की मी हीच सांगतो. नावं घेणार नाही, माणसांची नाही आणि गावाचंही नाही. गोंदिया जिल्ह्यातली एक नगरपालिका, तिचं अग्निशमन दल आणि मी प्रभारी असलेलं एक ठाणं, एवढं पुरे.

तो उंच माणूस म्हणजे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला फायरमन. कॉलर ज्याची धरली होती तो नगरपालिकेचा आस्थापना लिपिक, म्हणजे कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं सांभाळणारा बाबू. नेमणुकीच्या दिवसापासूनची प्रत्येक वेतनवाढ, रजा आणि शिक्षा सेवापुस्तकात असते. ते नसेल तर माणसानं तीस वर्षं आगी विझवल्या काय आणि तीस वर्षं झोपा काढल्या काय, कागदाला दोन्ही सारखंच. पेन्शन मंजूर होत नाही.

"दोन वर्षं हा मले सांगून राहिला, वरच्या ऑफिसले गेलं," फायरमन म्हणाला. "आज वरच्या ऑफिसले जाऊन आलो. थे म्हणतात, आमच्याकडं आलंच नाई."

नगरपालिकेनं पगारपत्रकं आणि हजेरीपटांवरून नवं सेवापुस्तक तयार करायचा प्रयत्न केला होता. रेकॉर्ड सापडलं ते फक्त शेवटच्या नऊ वर्षांचं, आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात. जुने हजेरीपट कुठे गेले, असं मी विचारलं. पहिल्यांदाच फायरमनचा आवाज खाली आला.

"रेकॉर्ड रूमले आग लागली होती, साहेब. आग लहान होती. मी... पानी थोडं जास्त मारलं."

थोडं म्हणजे किती, ते मला नंतर इतरांनी सांगितलं. त्या दिवशी नवेगाव बांधचा तलाव अर्धा रिकामा झाला असावा. जळाले चार कागद आणि लगदा झाला चाळीस वर्षांच्या हजेरीपटांचा. त्या पराक्रमाबद्दल फायरमनला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. त्याची नोंद सेवापुस्तकात होती.

त्याच्या हातात नगरपालिकेचं पत्र होतं. महिनाअखेर पुरावा आला नाही तर नऊ वर्षांच्या सेवेवर पेन्शन अनुज्ञेय नाही, असं समजून प्रकरण बंद. महिना संपायला अकरा दिवस होते. घर बायकोच्या अंगणवाडीच्या मानधनावर चाललं होतं आणि आयुष्यभर बंबावर उभा राहिलेला हा माणूस कुडव्याच्या एका गोदामावर चौकीदारी करत होता.

मी फायरमनला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि बाबूला आत घेतलं. चहा मागवला. चौकशीची माझी पद्धत साधी होती. चहा द्यायचा आणि काहीच विचारायचं नाही. बहुतेक माणसं दुसऱ्या घोटाला बोलायला लागतात. निर्दोष माणूस तक्रार सांगतो, दोषी माणूस पुरावे देतो. हा बाबू मात्र नुसता घाम पुसत होता.

"तुम्ही चोरलं?"

"नाही साहेब. देवाशप्पथ नाही."

"मग गेलं कुठं?"

त्यानं रुमालाची घडी बदलली. दहा मिनिटांत त्याची नजर चार वेळा माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे गेली. ते दार आमच्या मुद्देमाल खोलीचं होतं. मला वाटलं, लॉकअप पाहतोय. घाबरलेला माणूस नेमका कशाला घाबरलाय, हे ओळखण्यात मी त्या दिवशी कमी पडलो. गाव सोडू नका, असं सांगून त्याला संध्याकाळी घरी पाठवलं.

खबर मिळाली ती समोरच्या पानठेल्यावरून. ठेलेवाला गोंदिया शहरातून आलेला, हिंदी बोलणारा. आमच्या ठाण्यात कोण येतं, कोण जातं, याची नोंद आमच्या डायरीपेक्षा त्याच्याकडे चांगली असे.

"साहब, ये बाबू आज पहली बार थोड़े ना आया है आपके यहाँ."

"म्हणजे?"

"दो साल पहले, पोले के दूसरे दिन, जुआ में पकड़ के लाए थे ना आप लोग? उसी गाड़ी से उतरा था. मेरे यहाँ रोज का गिराहक है, शकल कैसे भूलूँगा?"

पोळ्याला आमच्या भागात बैलांची पूजा होते आणि माणसं पत्त्यांना बसतात. एरवी चिंचोके खेळायला कचरणारा गृहस्थही त्या दोन दिवसांत सणाचा मान म्हणून डाव टाकतो. पोलीस छापा घालतात, तोही एका अर्थी सणाचाच भाग. आणि पकडलेला माणूस खरं नाव सांगत नाही, ही तिसरी प्रथा. एका छाप्यात तिघांनी आमच्याच हवालदाराचं नाव सांगितलं होतं आणि हवालदारानं ते तिन्ही वेळा शांतपणे लिहून घेतलं होतं.

मी गुन्हे रजिस्टर काढायला लावलं. दोन वर्षांपूर्वीचा पोळा, दुसरा दिवस, बोडीच्या, म्हणजे गावाबाहेरच्या लहान तळ्याच्या पाळीवर छापा, आरोपी अठरा. बाबूचं नाव कुठेच नव्हतं. अकराव्या क्रमांकाला मात्र एक नाव होतं, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट. ते फायरमनचं होतं.

मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. फायरमनच जुगारी. पुस्तक यानंच कुठेतरी घालवलं आणि आता गरीब बाबूची कॉलर धरतोय. त्या क्षणी मी इतका हुशार होतो की तेवढा पुन्हा कधीच झालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फायरमनला बोलावलं.

"काका, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जुगारात सापडला होता. गुन्हा कबूल करून दंडही भरलाय. हे मला काऊन नाही सांगितलं?"

तो आधी रजिस्टरकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मग कबुतरं पुन्हा उडाली.

"मारबतीच्या दिवशी? साहेब, मारबतीच्या दिवशी फायरमनले मुताची सुट्टी नाई भेटत, अन् मी बोडीवर पत्ते खेळून राहिलो होतो?"

चूक माझी होती. त्या दिवशी गावागावात मारबतीचे पुतळे काढतात, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत वेशीबाहेर नेतात आणि जाळतात. वाऱ्यानं एक ठिणगी तणसाच्या ढिगावर गेली की संपलं. बंब दिवसभर गावाभोवती फिरत असतो. अग्निशमन दलाची वर्दीची वही, म्हणजे बंब कुठे कधी गेला त्याची नोंदवही, मागवली. छाप्याच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फायरमनच्या चार सह्या होत्या. छापा दुपारी दोनला झाला. पावणेदोनला हा माणूस सहा किलोमीटरवर एक ढीग विझवत होता. पाणी, अर्थातच, थोडं जास्त मारत होता.

मग बोडीवर त्याचं नाव कुणी सांगितलं?

बाबूला पुन्हा बोलावलं. या वेळी चहा नाही. रजिस्टर त्याच्यासमोर उघडं ठेवलं आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाबू, पोलिसांनी नाव विचारलं तेव्हा तोंडात हेच नाव कसं आलं?"

त्यानं त्या ओळीवरून हलकेच बोट फिरवलं.

"सकाळपासून तेच लिहीत होतो, साहेब."

पुढचं एका दमात आलं. फायरमनची निवृत्ती जवळ आली होती आणि पुस्तकातल्या नोंदी अपूर्ण होत्या. सणाच्या सुट्टीत पूर्ण कराव्यात म्हणून बाबूनं पुस्तक थैलीत घालून घरी नेलं. सकाळी बसून अर्ध्या नोंदी केल्या. दुपारी मित्र बोलवायला आले, तो थैलीसकट उठला आणि बोडीवर गेला. पोलीस आले. नाव विचारल्यावर डोक्यात जे होतं ते बाहेर पडलं. थैली ताडपत्रीवर पत्त्यांशेजारीच राहिली.

"मग नंतर येऊन का नाही सांगितलं?"

"थैली माझी म्हटली, तर जुगार माझा झाला. जुगार माझा, तर नोकरी गेली. साहेब, मलाही तीनच वर्षं राहिली आहेत. माझीही पेन्शन आहे."

आपली पेन्शन राखायला त्यानं दुसऱ्याची बुडू दिली होती. हे बोलताना तो त्या मागच्या दाराकडेच पाहत होता.

मी मुद्देमाल खोली उघडायला लावली. आमचा मुद्देमाल कारकून म्हणाला, "बरं झालं आज विचारलं साहेब. निकाल लागलेल्या केसेसचा माल पुढच्या सोमवारी जाळायचा आहे. यादी कोर्टातून मंजूर होऊन आलीये." यादीत बाविसाव्या क्रमांकावर ओळ होती : 'बेवारस कापडी थैली, आत जुने कागद, एक नग.' माल जाळताना नियमानं बंब उभा करावा लागतो. पत्र अग्निशमन दलाला गेलेलं होतं. म्हणजे फायरमनची तीस वर्षं त्याच्याच जोडीदारांच्या देखरेखीखाली व्यवस्थित जळणार होती.

थैली निघाली. उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता, पण पुस्तक शाबूत होतं. बाबूचं अक्षर फार सुंदर. आगीचं प्रशस्तिपत्रही होतं.

थैलीला लाखेचा शिक्का आणि लेबल होतं. लेबलावर छाप्याच्या अधिकाऱ्याची सही होती. ही गोष्ट सांगताना मी एरवी इथून पटकन पुढे सरकतो. सही माझी होती. अठरा माणसं, सगळ्यांच्या माना खाली, वरून ऊन, आणि थैलीत कागद दिसले म्हणून मी 'जुने कागद' असं लिहायला सांगितलं. उघडून पाहिलं नाही.

कोर्टाचा आदेश घ्यायला तीन दिवस लागले. पुस्तक थैलीसकट फायरमनच्या समोर ठेवून, त्याची पोच घेऊन नगरपालिकेच्या ताब्यात दिलं. जुगाराच्या निकालातून त्याचं नाव निघायला मात्र पाच महिने गेले. कारण गुन्हा कबूल केलेल्या माणसानं गुन्हा केलाच नव्हता, हे कागदाला समजावणं अवघड असतं. बाबूवर खोटं नाव सांगितल्याचा गुन्हा दाखल झाला, विभागीय चौकशी झाली. त्याच्या वेतनवाढी गेल्या, पेन्शन राहिली. चौकशी अधिकाऱ्याला मी कळवलं होतं की त्यानं चोरी केलेली नाही. ते खरं होतं.

एवढं झाल्यावर मी ठाण्यातल्या प्रत्येकाला आपल्या सेवापुस्तकाची दुसरी प्रत करून घरी ठेवायला लावली. नियम जुनाच आहे. पाळतं कोण? निवृत्तीला वर्ष राहिलं की पुस्तक स्वतः डोळ्यांखालून घालायचं, हेही सक्तीचं केलं. पुढे जिल्ह्याच्या बैठकीत मी तेच मांडलं आणि वरिष्ठांनी ते सगळ्या ठाण्यांना लावलं. तेव्हा नवीन पेन्शन योजनेत भरती झालेला एक शिपाई मागून म्हणाला, "साहेब, आमची तर बाजारात लावून राहिले. थे गेली तर कोणत्या ठाण्यात यावं?" सगळे हसले.

या केसनं मला शिकवलं ते इतकंच. चोराच्या मागे जाणं सोपं असतं, त्याला काहीतरी हवं असतं. आपल्याकडे जे आहे ते जाईल म्हणून भ्यालेला माणूस सापडत नाही, कारण तो पळत नाही. तो रोज वेळेवर कार्यालयात येतो. आणि असा माणूस फक्त नगरपालिकेतच असतो असंही नाही. लेबलावरची सही मी फायरमनला सांगितली नव्हती. माझा सत्कार झाला, हार घातला गेला, मी भाषणही केलं. भाषणात छाप्याचा अधिकारी 'तत्कालीन अधिकारी' एवढाच होता.

पेन्शन सुरू झाल्यावर वर्षभरानं मी त्याच्या घरी गेलो. अंगणात खाट टाकलेली, बायको चहा ठेवून आत गेली. मी म्हणालो, "काका, एक सांगायचं राहिलं. त्या थैलीवर सही माझी होती. छापा मीच घातला होता."

त्यानं चहा बशीत ओतला.

"माहीत हाये," तो म्हणाला. "पोच देतानी वाचली होती. थैली उघडाले एक मिनिट लागते, साहेब."