सहाव्या अंकात मेला होता ना?

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी सुपरहिरो कॉमिक्सचा वेडा. इंदूरमध्ये आमचा ग्रुप आहे, रविवारी सगळे शहराबाहेर राऊला आमच्या घरी जमतात. कोणता हिरो कुणाच्या कॉमिकमध्ये मरतो, मग दुसऱ्याच मालिकेत जिवंत कसा — सगळं मलाच विचारायचे. आणि खरं सांगू? मला स्वतःला घंटा कळत नव्हतं! एक गोष्ट पाच मालिकांत पसरलेली, त्यात मधले अंक गायब. मी दडपून ठोकून द्यायचो.

बाबा रेल्वेत टाइमटेबल बनवायचे. रिटायर झाल्यावर माझे अंक वाचायला लागले — माझ्याशी बोलायला काही विषय हवा म्हणून. हे मला कळत नव्हतं? कळत होतं हो. मोठ्या कागदावर गाड्यांच्या चार्टसारख्या रेघा मारायचे: ही गोष्ट त्या गोष्टीला कुठं मिळते, कोण कुठं उतरतो.

त्या रविवारी मी शेवटची लढाई रंगवून सांगत होतो. बाबा चहा घेऊन आले, सहज म्हणाले, "अरे, पण हा सहाव्या अंकात मेला होता ना?"

पोरं खिदळली. "भिया, अंकल जी ने पकड़ लिया!"

मीही हसलो. सगळे गेले. मग —

मग काय, मारलं. बाबांना. कॉलर धरून भिंतीवर आपटलं, तोंडावर बुक्के घातले. चष्मा फुटला, काच डाव्या डोळ्यात गेली. त्यांनी हातसुद्धा उचलला नाही. रक्त सांडू नये म्हणून टेबलावरचा तो चार्ट तेवढा बाजूला सरकवला. ते पाहून मी अजून एक ठोसा मारला. असा कसा मी?

आई देवळातून आली तेव्हा बाबाच म्हणाले, "बाथरूममध्ये पाय घसरला." मी गाडी काढून दवाखान्यात नेलं. शेजारी म्हणाले, मुलगा असावा तर असा. मी ऐकून घेतलं.

तो डोळा गेला. उरलेल्या डोळ्यानं बाबांनी चार्ट पुरा केला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी तो बैठकीत लावलाय. दर रविवारी कुणीतरी म्हणतंच, "भिया, क्या गजब चार्ट बनाया तूने!"

बाबा आतल्याच खोलीत असतात. त्यांना सगळं ऐकू येतं.

मी म्हणतो, थँक्यू.