अमावास्येपर्यंत फळीवर

जुन्या हुबळीत आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. ‘आमचं’ म्हणायची जिभेला सवय म्हणून म्हणते; तिथं माझं आता काही नाही. आमचं घराणं मिरजेकडून व्यापाराला इकडं आलं आणि येताना एक रीत घेऊन आलं. दुकानात पहिल्यांदाच येणारा माल पुढच्या फळीवर मांडायचा, त्याला कुंकू लावायचं आणि अमावास्येची पूजा होईपर्यंत हलवायचा नाही. दुकानाचं तोंड पूर्वेला, त्यामुळे फळीवर सकाळपासून ऊन. फावड्यांना आणि फवारणीच्या पंपांना त्यानं काही होत नाही.

मी धारवाडला शेतीचं शिकले, त्यातही मातीतल्या जिवाणूंचं. परत आल्यावर वडिलांना, म्हणजे अप्पांना म्हटलं, मला दुकानात बसायचंय. अप्पा नाही म्हणाले नाहीत. “तुझा एक माल आण. हंगामभर विकून दाखव. गिऱ्हाईक खूश झालं तर गल्ल्याशेजारची खुर्ची तुझी,” म्हणाले. धाकटा भाऊ तिथंच मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्याला कुणी काही विकून दाखवायला सांगितलं नव्हतं.

मी सोयाबीनच्या जिवाणूंची पाकिटं मागवली. दिसायला नुसती काळी भुकटी, पण जिवंत. गुळाच्या पाण्यात कालवून ती बियाण्याला चोळायची, बियाणं सावलीत सुकवून पेरायचं. मग हे जिवाणू मुळांत शिरतात, तिथं बारीक गाठी धरतात, हवेतला नत्र पिकाला देतात आणि पीक त्यांना आपली साखर देतं. इतका सरळ व्यवहार मी आमच्या घरात कधी पाहिला नाही. अट एकच, पाकिटं उन्हात ठेवायची नाहीत. त्यासाठी मागच्या खोलीत ओल्या वाळूत एक कोरडा माठ बसवून ठेवला होता.

खोकं आलं तेव्हा अळणावरकडच्या एक मावशी दुकानात होत्या. त्यांच्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच होणार होतं. मी सगळं समजावलं, त्यांनी खोक्यातूनच पाकिटं उचलली आणि पाण्याच्या माठाशेजारी ठेवते म्हणाल्या. उरलेलं खोकं मी आत न्यायला लागले, तर अप्पांनी अडवलं.

“नवा माल आहे. फळीवर.”

“अप्पा, हे जिवंत आहे. मे महिन्याच्या उन्हात मरेल.”

“जिवंत आहे ना? मग देवाच्या नावानं ठेवल्यावर मरेल होय?”

भाऊ हसला. मी पाकिटांवर ओलं फडकं टाकलं, तर कुंकू ओघळलं म्हणून आईनं ते काढून घेतलं. अमावास्येपर्यंत मी येता-जाता त्या फळीकडं बघत होते. पूजा झाली, नारळ फुटला आणि माल धडाधड खपला. मी गिऱ्हाइकांना नको म्हणत होते आणि अप्पा माझ्या देखत पाकिटं देत होते.

पेरण्या होऊन पीक गुडघ्याला आलं, तेव्हा त्या मावशी दोन रोपं मुळांसकट उपटून घेऊन आल्या.

“अक्का, ह्ये माझं आन् ह्ये जावेचं. बी एकच, मधी नुसता बांध. तिनं अमावास्या झाल्यावर पाकिटं नेली हुती. तिच्यात गाठीच न्हाईत की!”

मावशींच्या रोपाची मुळं गाठींनी भरलेली. एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. जावेच्या रोपाची मुळं धुतलेल्या दोऱ्यासारखी कोरी आणि पानं पिवळी. मी दोन्ही रोपं अप्पांसमोर गल्ल्यावर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ उलटीपालटी करून पाहिली.

“तुझं खरं आहे,” ते हळूच म्हणाले. “पण पूजेत ठेवून माल मेला, असं बाजारात कुठल्या तोंडानं सांगू?”

मग तक्रारी घेऊन लोक आले. अप्पांनी माझ्यासमोर, कन्नडमध्ये, सगळ्यांना एकच सांगितलं, की पोरीच्या शिक्षणाचा प्रयोग होता, पुन्हा होणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी गप्प बसले नाही. खरं काय ते भर दुकानात सांगितलं. त्यावर ती जाऊच, जिचं पीक गेलं होतं, मला म्हणाली, “बापाला उलटं बोलू ने, अक्का.” दसऱ्याच्या पूजेला खुर्चीवर भाऊ बसला.

मी आता केलगेरीला राहते आणि मातीचे नमुने तपासायची नोकरी करते. अप्पांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, जावा असं वाटतही नाही.

गेल्या महिन्यात परसातल्या शेंगांसाठी जिवाणू हवे होते, म्हणून दुकानात गेले. गल्ल्याशेजारी काचेच्या दाराचा फ्रिज. आत पाकिटं ओळीनं लावलेली. कुंकू होतं, पण फ्रिजच्या दाराला. पाकिटं कुणी उन्हात मांडली नव्हती. भाऊ एका गिऱ्हाइकाला समजावत होता, गुळाचं पाणी, सावली, नखानं फोडलेली गाठ. शब्द सगळे माझे. त्यानं मलाही पाकीट काढून दिलं.

“अक्का, उन्हात ठेवू नको हं. जिवंत असतात.”

मी अप्पांकडं पाहिलं. एक शब्द बोलतील असं वाटलं, आणि ते बोललेही.

“ऐक त्याचं,” म्हणाले. “त्याला कळतं त्यातलं.”