मागावरचे वीतभर धागे
पैठणीची घडी मोडली की रेशमाच्या वासाबरोबर येवल्याचं आमचं घर आठवतं. पंचवीसेक वर्षं झाली. माझ्या लग्नासाठी विणलेली ही पैठणी वडिलांनी मागावरून कापली आणि नेहमीसारखे वीतभर उभे धागे मागावरच ठेवले. पुढच्या साडीचे धागे या उरलेल्या धाग्यांनाच एकेक गाठ मारून जोडायचे असतात. त्या गाठी आई मारायची, ती गेल्यावर मी. "आता कोण जोडणार, अण्णा?" मी विचारलं. "राहू दे गं. माग रिकामा नाय ठेवत," ते म्हणाले. दिवाळीला माहेरी गेले, तर माग तसाच होता. घरभर धूळ होती. त्या धाग्यांवर मात्र कणभरही नव्हती. यंदा माझी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तिच्या पलंगावरची चादर मी रोज झटकते.