कापाचा डोईचा रुमाल

आमच्या किनेश्म्याच्या चर्चमध्ये मी घंटा वाजवतो आणि कापितोलिना, म्हणजे आमची कापा, दाराशी मेणबत्त्या विकते. विकते म्हणायचं आपलं, खरं तर ती माणसं झोडते. पँट घालून आलीस? बाहेर! डोक्याला रुमाल नाही? बाहेर! उघड्या डोक्याने येणाऱ्या बायकांसाठी दाराशी उसन्या रुमालांची टोपली असायची, तीही तिने माळ्यावर फेकून दिली. "देवाकडे यायचं आणि रुमाल उसना? उद्या जीभही उसनी मागतील!"

शेवटी फादर आर्सेनींनी हात टेकले. तेवढ्यात व्होल्गा नदीवरची तीन दिवसांची बोटीची सहल निघाली. "कापितोलिनाबाई, जरा चार गावं, चार चर्चं बघून या. तब्येतीला बरं असतं." कुणाच्या तब्येतीला, ते काही बोलले नाहीत.

कापा ऐकेना. रविवारी येफिमची पुण्यतिथी होती. येफिम म्हणजे तिचा नवरा, माझा जिवलग दोस्त. नदीवर बोटींना वाट दाखवणारे दिवे सांभाळायचा आणि नदीतच गेला बिचारा. त्या दिवशी त्याच्या नावाची मेणबत्ती लावल्याशिवाय कापा पाण्याचा घोटही घेत नाही. एकही वर्ष चुकलेलं नाही. "अगं, रविवारी बोट तुतायेवला थांबते, तिथे काय चर्चं कमी आहेत?" असं मी म्हटलं, तेव्हा कुठे बाई तयार झाली. आणि तिला सांभाळायला मलाच सोबत धाडलं. घ्या!

यारोस्लाव्लच्या चर्चमध्ये सगळी मंडळी माना वर करून भिंतींवरची चित्रं बघत होती आणि कापा खाली फरशी. "मेण बघ किती सांडलंय, पान्तेलेई! खरवडायला हात मोडलेत वाटतं यांचे?" बोटीवर व्लादा नावाची एक पोरगी होती, एकटीच आलेली, केस निळेशार. कापाने तिला धारेवरच धरलं. "शाईत डोकं बुडवलंस का गं?" पोरगी नुसती हसायची आणि खारवलेली काकडी पुढे करायची. काकडी खाऊन कापा म्हणायची, "पाणचट आहे."

रविवारी सकाळी तुतायेव आलं. सगळे मोठ्या चर्चकडे गेले. कापाला गर्दी नको, म्हणून आम्ही टेकडीवरच्या छोट्या चर्चची वाट धरली. चढावर असा काही वारा सुटला की कापाचा रुमाल डोक्यावरून उडाला तो थेट व्होल्गात! दुसरा होता, पण खाली बोटीवर, बॅगेत. आणि आमचे दोघांचेही गुडघे तो चढ दोनदा चढण्यातले नव्हते.

दाराशी झाडू घेतलेली बाई उभी. देवाशपथ, दुसरी कापाच!

"डोकं उघडं? बाहेर!"

"अहो, मी स्वतः चर्चमध्येच..."

"राणी असलीस तरी बाहेर."

"मग उसना द्या एखादा."

"टोपली बंद केलीय मी. आपला रुमाल आपण आणावा."

मी माझा हातरुमाल पुढे केला. "नाक पुसलंयस त्यात," कापा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. "येफिम वाट बघत असेल रे." झाडूवाली मात्र ढिम्म.

इतक्यात मागून व्लादा आली. तिने गळ्यातला हिरवा रुमाल सोडला आणि कापाच्या डोक्याला नीट गाठ मारून बांधला. "जा आजी, निवांत लावून ये."

कापा आत गेली, मेणबत्ती लावली, मनसोक्त रडली, येफिमला चार गोष्टी सुनावल्याही असतील. बाहेर येते तोच बोटीचा भोंगा झाला आणि आम्ही तिघं धापा टाकत धक्क्यावर पोचलो. तिथे रुमाल परत देताना कापाला व्लादाच्या मुठीतली मेणबत्ती दिसली. न पेटवलेली.

"ही कुणाची गं?"

"आईची. ती या गावचीच होती."

"मग लावली का नाहीस?"

"रुमाल एकच होता ना, आजी."

कापाचा चेहरा पांढरा पडला. पुढच्या क्षणी तिने तो रुमाल पोरीच्या निळ्या केसांवर करकचून बांधला. "पळ! आणि ती झाडूवाली काही बोललीच, तर सांग किनेश्म्याची कापितोलिना खाली बसलीय!" आणि खरंच बसली की! बोटीवर चढायच्या फळीवर, मधोमध.

"आजी, उठा, बोट सोडायचीय," कप्तान ओरडला.

"सोड ना. माझ्यासकट सोड. माझा नवरा याच नदीत आहे, मला कसली भीती?"

व्लादा डोळे पुसत परत येईपर्यंत बाई हलली नाही.

घरी आल्यावर कापाने माळ्यावरची टोपली मला काढायला लावली आणि सगळे रुमाल धुऊन इस्त्री केले. पुढच्याच रविवारी एक पाहुणी आली, आखूड पँट, डोकं उघडं. मी श्वास रोखला. कापाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पुटपुटत टोपलीतला सगळ्यात मोठा रुमाल काढला आणि विचारलं, "तुझं कोण गेलंय, बाळ?"