वाईट वाटणं आणि माफी मागणं

धुलाईखात्याच्या साहेबाने टायपिस्टमास्तरांना फितवलं, अशी कुजबुज तेव्हा गल्लीभर होती. खोटं कशाला सांगू, ती चार घरं पुढे न्यायला मीही होतो, आणि वरचा मीठमसाला तर माझाच.

मास्तरांचं टेबल कचेरीच्या जिन्याखाली. गिऱ्हाइकाने आपल्या बोलीत गाऱ्हाणं सांगावं आणि मास्तरांनी ते ऐकता ऐकता थेट इंग्रजीत टाइप करावं. थांबणं नाही, खाडाखोड नाही. रांगेतले लोक आ वासून बघायचे. शब्दही वजनदार. "'आस्क'ने काय होतंय? 'रिक्वेस्ट' घालू, साहेब खुर्चीतून उठेल!" असं म्हणून स्वतःच खूश.

एका सकाळी इस्पितळाच्या धुलाईखात्यातली इस्त्रीवाली बाई आली. इस्त्रीचं यंत्र तापून चादरींचा गठ्ठा जळाला होता. यंत्र बिघडलंय हे तिने साहेबाच्या दोनदा कानावर घातलेलं. तरी लेखी खुलासा मागितला तिच्याकडेच.

"मास्तर, झालं त्याचं वाईट वाटतंय, एवढंच लिहा. चूक माझी नाही."

"वाईट वाटतंय... म्हणजे 'रिग्रेट'," मास्तर पुटपुटले. बोटं अडली. "का 'अपॉलॉजाइज'?"

"काय मास्तर, चाक पंक्चर?" रांगेतून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. ओरडणारा आगाऊ मीच.

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी दुसरा शब्द खाडखाड ठोकला. जरा भारदस्त वाटला, एवढंच.

आता 'रिग्रेट' म्हणजे झालं ते वाईट झालं. 'अपॉलॉजाइज' म्हणजे माझ्या हातून झालं, माफ करा. बाईने विश्वासाने सही केली. साहेबाने कागद वाचला, गुन्हा कबूल धरला आणि तिला कामावरून काढलं.

कळताच मास्तर साहेबाकडे धावले. "साहेब, तो शब्द माझा, तिचा नव्हे."

"सही कोणाची आहे?" साहेबाने मानही वर केली नाही.

मग ते बाईच्या दारात गेले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "अडलं होतं तर सांगायचंत ना, मास्तर. मी दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं."

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली टेबल नव्हतं. नेमकं साहेबाच्या दारातून बाहेर पडताना मास्तरांना दोघांनी पाहिलेलं. कुजबुजायला आम्हाला तेवढं पुरलं.

खरं काय ते मास्तरांनी मला बऱ्याच वर्षांनी, जमिनीकडे बघत सांगितलं. मी तेव्हा ओरडलो होतो, हे मात्र त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

साहेबाने त्यांना काही दिलं नव्हतं. दोन शब्दांतला फरक त्यांना नक्की ठाऊक नव्हता. शब्दकोश टेबलाच्या खणात होता. लोकांसमोर तो उघडायची त्यांना लाज वाटली.